प्रोटीनचे टक्के वाढले की कॅलरी कमी, ग्रॅम वाढले की कॅलरी जास्त: खरं काय मानायचं?

नोंदवही (धागाकर्ता)

खाण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपमधला सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवून घेतला आहे. प्रत्येक ओळीत पदार्थ, वेळ, वजन, कॅलरी, प्रोटीन, कार्ब, फॅट, फायबर. शोधायचं एवढंच आहे की सकाळच्या खाण्यात कशाचं प्रमाण किती होतं, यावरून पुढे दिवसभरात किती खाल्लं जाईल हे ठरतं का. ठरत असेल तर साधारण किती कॅलरींचा फरक पडतो?

आकडे मात्र एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत:

दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी प्रोटीनचे टक्के जास्त, त्या दिवशी एकूण कॅलरी कमी. पण प्रोटीनचे ग्रॅम जास्त, त्या दिवशी एकूण कॅलरीही जास्त. डेटा तोच, दिवस तेच.

नाश्त्याचंही तसंच. नाश्ता मोठा असला की दिवसाची बेरीज मोठी. पण दिवसाच्या खाण्यात नाश्त्याचा वाटा मोठा असला की बेरीज लहान.

फॅटच्या बाबतीत ग्रॅम घ्या, टक्के घ्या, दोन्हीकडे कॅलरी वाढलेल्याच दिसतात. आणि तरी 'फॅट खाल्लं की पोट जास्त वेळ भरलेलं राहतं' असं सगळीकडे वाचायला मिळतं.

कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? आणि घरच्या घरी नीट तपासायचं असेल तर कसं?

---

ताळेबंद

प्रोटीन आणि नाश्त्याचे चारही निकाल बरोबर आहेत आणि चारही निरुपयोगी. यातला एकही भुकेबद्दल काही सांगत नाही, सगळे भागाकाराबद्दल सांगतात.

एक दिवस घ्या: 1800 कॅलरी, 80 ग्रॅम प्रोटीन. 80 × 4 = 320, म्हणजे प्रोटीन साधारण 17.8 टक्के. आता तोच दिवस तसाच ठेवा, फक्त रात्री बिस्किटं आणि चिप्स मिळून 600 कॅलरी वाढवा. त्यात प्रोटीन फार तर 8 ग्रॅम. नवा दिवस 2400 कॅलरी आणि 88 ग्रॅम प्रोटीनचा झाला, म्हणजे 14.7 टक्के. ग्रॅम वाढले, टक्के घसरले, आणि दोन्ही घडलं ते रात्रीच्या खाण्यामुळे. तक्ता बघणाऱ्याला वाटतं की प्रोटीन कमी होतं म्हणून जास्त खाल्लं गेलं. प्रत्यक्षात जास्त खाल्लं गेलं म्हणून टक्का खाली आला. एकूण कॅलरी भागाकाराच्या छेदातही आहेत आणि उत्तरातही, त्यामुळे उलटा संबंध दिसणारच.

नाश्त्यात नेमकी हीच गफलत होते, आणि ती तुम्ही एकट्यानेच केलेली नाही. 2011 साली शुस्ट्झियारा आणि सहकाऱ्यांनी म्युनिकमध्ये हाच मुद्दा लोकांच्या आहारनोंदींवर दाखवला होता. नाश्त्याचा वाटा टक्क्यांत मोजला की मोठा नाश्ता गुणकारी दिसतो. त्याच नोंदींत नाश्त्याच्या कॅलरी आकड्यात मोजल्या की मोठा नाश्ता दिवसाच्या बेरजेत बहुतांशी तसाच जमा झालेला दिसतो. 'राजासारखा नाश्ता करा' म्हणणाऱ्यांचा आधार बऱ्याचदा पहिला हिशोब असतो.

दुरुस्ती अशी:

उत्तराच्या रकान्यात दिवसाची एकूण बेरीज घेऊ नका, नाश्ता संपल्यानंतरच्या कॅलरी घ्या.

कारणाच्या रकान्यात टक्के नकोत. नाश्त्याचं प्रोटीन, कार्ब आणि फॅट तिन्ही ग्रॅममध्ये, वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा आणि तिन्ही एकाच वेळी रिग्रेशनमध्ये (अनेक घटकांचा परिणाम वेगवेगळा काढणाऱ्या आकडेमोडीत) घाला. एकेकटं घातलंत तर मोठ्या नाश्त्याचं सगळं श्रेय त्या एकट्या घटकाला जातं.

वार हा रकाना हवाच. सुट्टीच्या दिवशी नाश्ता उशिरा, वेगळा आणि भारी होतो, पुढचं जेवणही वेगळं असतं. हा रकाना नसेल तर 'फॅटमुळे कॅलरी वाढतात' याचा अर्थ 'रविवारी कॅलरी वाढतात' एवढाच निघेल. तुमच्या फॅटच्या निकालात मला तरी हेच पाणी मुरताना दिसतंय.

आणि रिकामे दिवस. दुपारी चारनंतर काहीच नोंद नाही असा दिवस उपासाचा नसतो, कंटाळ्याचा असतो. ते काढून टाका. नोंदींतून गळतं ते बहुधा मधलं अरबट-चरबट खाणं, मुख्य जेवण नाही. त्यामुळे अर्धवट नोंदवलेला दिवस कागदावर 'जास्त प्रोटीन, कमी कॅलरी' असा देखणा दिसतो. लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी 1992 साली, 'कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही' असं म्हणणाऱ्या लठ्ठ व्यक्तींची नोंद दुहेरी खूण केलेल्या पाण्याच्या पद्धतीने (शरीराने खरोखर किती कॅलरी खर्चल्या ते यातून मोजतात) पडताळली. प्रत्यक्ष खाणं नोंदीपेक्षा इतकं जास्त निघालं की सरासरी 47 टक्के खाणं नोंदवलंच गेलं नव्हतं. गट दहा जणांचाच होता, आणि मुद्दाम निवडलेला, पण गळती कुठल्या बाजूला होते ते कळायला पुरेसा आहे.

---

पथ्यपाणी

वरच्या हिशोबाशी सहमत. पण त्यावरून मॅक्रोचा, म्हणजे प्रोटीन-कार्ब-फॅटच्या प्रमाणाचा, 'काही परिणामच नाही' असं कोणी समजू नये. परिणाम आहे. तो नोंदवहीतून नाही, तर जेवण हातात देऊन केलेल्या प्रयोगांतून कळतो.

सिम्पसन आणि राउबेनहायमर यांनी 2005 साली मांडलेली कल्पना अशी की शरीर प्रोटीनचा ठरावीक कोटा पुरा करायला बघतं. आहार पातळ, म्हणजे प्रोटीन कमी असलेला असेल तर तो कोटा भरेपर्यंत माणूस खात राहतो आणि सोबत कार्ब-फॅटच्या कॅलरी आपोआप आत जातात. 2011 साली गॉस्बी आणि सहकाऱ्यांनी सडपातळ अशा 22 जणांवर हे तपासलं. दिसायला आणि चवीला सारखेच पदार्थ, पण प्रोटीन कधी 10, कधी 15, कधी 25 टक्के, प्रत्येक पातळी चार-चार दिवस. 15 वरून 10 वर आणलं तेव्हा एकूण कॅलरी सुमारे 12 टक्क्यांनी वाढल्या. वाढ प्रामुख्याने जेवणांच्या मधल्या खाण्यात होती, आणि तीही खारट-चटपटीत पदार्थांत, गोडात नाही. 15 वरून 25 वर नेल्यावर मात्र कॅलरी कमी झाल्या नाहीत.

ही शेवटची ओळ लोक गाळतात. तळाशी परिणाम ठळक असतो, वर गेलं की तो विरतो. ज्याचा आहार आधीच 18-20 टक्के प्रोटीनवर आहे त्याने प्रोटीन पावडरचा आणखी एक स्कूप घालून भूक आणखी मरेल अशी आशा ठेवू नये.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही आहे. 2005 सालच्या वायगल यांच्या प्रयोगात 19 जणांचं प्रोटीन 15 वरून 30 टक्के केलं, कार्ब 50 टक्क्यांवर स्थिर ठेवले आणि फॅट 35 वरून 20 वर आणलं. मग हवं तेवढं खायला मोकळीक दिली. रोजचं खाणं सरासरी 441 कॅलरींनी उतरलं आणि 12 आठवड्यांत वजन 4.9 किलोने. आकडा मोठा आहे, पण फॅटही घटलं होतं हे विसरू नका. प्रोटीन वाढलं की दुसरं काहीतरी घटतंच, त्यामुळे 'प्रोटीनचा परिणाम' नेहमी 'कशाच्या बदल्यात' या प्रश्नासकट वाचायचा.

शरीरात काय होतं ते थोडक्यात: प्रोटीन पचवण्यातच त्यातल्या 20 ते 30 टक्के कॅलरी खर्ची पडतात, कार्बमध्ये 5 ते 10 आणि फॅटमध्ये 0 ते 3. आतड्यातून जीएलपी-1, पीवायवाय, सीसीके हे तृप्तीचे संदेश जातात आणि भूक चाळवणारं घ्रेलिन उतरतं. फॅटमुळे जठर हळू रिकामं होतं हे खरं आहे. पण एका ग्रॅममागे 9 कॅलरी असल्यामुळे तो उशीर महागात पडतो. 'पोट जास्त वेळ भरलेलं राहतं' आणि 'दिवसाच्या कॅलरी कमी होतात' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि तुमच्या प्रश्नातला गोंधळ तिथलाच आहे.

कार्बबद्दल एक आकडा देतो. 2021 साली वायट आणि सहकाऱ्यांनी 1070 जणांना सतत ग्लुकोज मोजणारे सेन्सर लावून ठरावीक नाश्ते दिले. नाश्त्यानंतर दोन ते तीन तासांनी ज्यांची साखर मूळ पातळीच्या बरीच खाली घसरत होती, त्यांना भूक लवकर लागली, आणि कमी घसरणाऱ्यांच्या तुलनेत 24 तासांत सरासरी 312 कॅलरी जास्त खाल्ल्या गेल्या. साखर किती वर चढली यापेक्षा नंतर किती खाली गेली हे भुकेशी जास्त जुळलं. ही घसरण माणसागणिक बरीच वेगळी असते, म्हणून एकाच वाडगाभर ओट्सवर एकजण दुपारपर्यंत निवांत असतो आणि दुसरा अकरालाच फ्रीज उघडतो.

---

उकडलेला_बटाटा

सगळे मॅक्रोवरच अडकलेत. एका ग्रॅम अन्नात किती कॅलरी, म्हणजे अन्नाची दाटी, हा रकाना तुमच्या एक्सेलमध्ये आहे का? वजन आणि कॅलरी दोन्ही आहेत, भागाकार करा आणि मग बोला.

स्टब्स यांनी 1990च्या दशकात हे दोन टप्प्यांत दाखवलं. आहारात फॅट वाढवलं आणि अन्न त्यामुळे दाट होऊ दिलं, तर लोक जास्त कॅलरी खातात. फॅट वाढवलं पण अन्नाची दाटी सारखी ठेवली, तर खाणं जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे फॅटचा बराचसा दोष दाटीचा निघाला.

केव्हिन हॉल यांचे दोन प्रयोग शेजारी ठेवून बघा. दोन्हींत 20-20 जण संशोधन केंद्रातच राहिले, दोन-दोन आठवडे प्रत्येक आहार, हवं तेवढं खा.

2019: समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, प्रोटीन, कार्ब, फॅट, साखर, मीठ, फायबर सगळं जुळवलेलं. फरक एवढाच की एक आहार अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांचा आणि दुसरा साध्या पदार्थांचा. अतिप्रक्रियावाल्यांत रोज सरासरी 508 कॅलरी जास्त खाल्ल्या गेल्या. जास्तीच्या कॅलरी कार्ब आणि फॅटमधून आल्या, प्रोटीनचे ग्रॅम जवळपास तेच राहिले. (पथ्यपाणी इथे 'कोटा' म्हणतील, आणि म्हणू देत. पण खाण्याचा वेगही जास्त होता आणि घन पदार्थ जास्त दाट होते.)

2021: प्रोटीन दोन्हीकडे साधारण 14 टक्के. एकीकडे 75 टक्के कार्ब आणि 10 टक्के फॅटचा वनस्पतीजन्य आहार, दुसरीकडे नेमका उलटा, कीटो. कार्बवाल्या आहारात साखर आणि इन्सुलिन जास्त चढत होतं, तरी त्या आहारावर रोज 689 कॅलरी कमी खाल्ल्या गेल्या. त्या अन्नाची दाटी कितीतरी कमी होती.

आणि माझ्या नावाचं कारण: 1995 साली सिडनीत सुझॅना होल्ट यांनी 38 पदार्थ प्रत्येकी 240 कॅलरींचे खायला देऊन दोन तास तृप्ती मोजली. पांढरा ब्रेड 100 धरला तर उकडलेला बटाटा 323 वर, सगळ्यांत वर. क्रोसाँ 47 वर, तळाला. मांस, मासे, अंडी बटाट्याच्या खाली. प्रोटीन हेच सगळं असतं तर बटाट्याला तिथे जागा नव्हती.

पाण्याचंही ऐका. बार्बरा रोल्स यांच्या 1999च्या प्रयोगात तेच पदार्थ आणि तेवढंच पाणी दोन तऱ्हांनी दिलं. पाणी पदार्थातच मिसळून सूप केलं तर पुढच्या जेवणात कमी खाल्लं गेलं. तेच पाणी ग्लासात बाजूला दिलं तर काही फरक नाही.

---

नोंदवही

कॅलरी भागिले वजन हा रकाना करून बघितला. नाश्त्यात प्रोटीन शेक असला की वजन भरपूर आणि दाटी कमी येते. मग शेक उत्तम म्हणायचा का?

---

उकडलेला_बटाटा

नाही. पेयं दाटीच्या हिशोबातून बाहेर ठेवा. पातळ पदार्थाची दाटी कागदावर नेहमीच छान दिसते, पण त्यातल्या कॅलरींची शरीर नीट दखल घेत नाही. डिमेग्लिओ आणि मॅटीस यांनी 2000 साली 15 जणांना रोज 450 कॅलरी चार आठवडे गोळ्या-चॉकलेटसारख्या घन रूपात दिल्या आणि चार आठवडे गोड पेयाच्या रूपात. घन खाल्ल्यावर लोकांनी बाकीचं खाणं तेवढ्याने कमी केलं. पेय घेतल्यावर अजिबात नाही, सगळ्या कॅलरी जादाच्या झाल्या. सूप हा अपवाद, बहुधा चमच्याने आणि हळू खाल्लं जातं म्हणून. घट्ट प्रोटीन शेक सरबतापेक्षा बरा, पण तेवढंच प्रोटीन चावून खाल्लं तर जास्त पुरतं.

---

मोजमाप

'घरी कसं तपासायचं' या प्रश्नाला अजून कोणी हात लावलेला नाही, तो मी घेतो.

जुन्या नोंदी बाजूला ठेवा. दोन ठरलेले नाश्ते करा आणि कधी कुठला हे नशिबावर सोडा. कॅलरी, फॅट, फायबर, ताटातलं वजन सारखं. बदलायचं फक्त प्रोटीन, कार्बच्या बदल्यात.

नाश्ता 'अ': कोरडे ओट्स 40 ग्रॅम, कमी फॅटचं दूध 200 मिली, एक अख्खं अंडं, चार अंड्यांचा पांढरा भाग. साधारण 385 कॅलरी, प्रोटीन 32 ग्रॅम, फॅट 11.

नाश्ता 'ब': कोरडे ओट्स 40 ग्रॅम, तेच दूध 100 मिली, पांढऱ्या ब्रेडचे दोन स्लाइस (50 ग्रॅम), लोणी 6 ग्रॅम, साखर 5 ग्रॅम. साधारण 395 कॅलरी, प्रोटीन 13 ग्रॅम, फॅट 11.

'ब' वजनाला जवळजवळ निम्मा भरतो. त्यामुळे त्याचे ओट्स 200 मिली जास्त पाण्यात शिजवा आणि पातळसर खा. ग्लासातून प्यायलेलं पाणी इथे चालणार नाही, कारण वर आलंच आहे. ही पायरी गाळलीत तर तुम्ही प्रोटीन नाही, दाटी तपासत असाल. ओट्स कोरडेच तोला. शिजल्यावर तोललेला आकडा कोरड्याच्या नोंदीत टाकला की एका वाडग्यात कित्येकशे कॅलरींची चूक सहज होते. मांस, डाळी यांनाही हेच लागू, ॲपमधली नोंद कच्च्याची की शिजलेल्याची ते आधी बघायचं.

रोज आलटून-पालटून करू नका. डी कॅस्ट्रो यांनी 1998 साली दाखवलं की एका दिवसाच्या जास्त-कमी खाण्याची भरपाई पुढच्या एक-दोन दिवसांत होते, दोन दिवसांनी सर्वांत स्पष्ट. रोज बदललंत तर 'अ'चा परिणाम 'ब'च्या दिवसात सांडतो आणि फरक पुसट होतो. चार-चार दिवसांचे गट करा आणि प्रत्येक गटाचा पहिला दिवस हिशोबातून वगळा. गटांचा क्रम नाणं उडवून, दोन-दोनच्या जोडीत: जोडीतला पहिला नाण्याने, दुसरा आपोआप उरलेला.

मोजायचं काय? नाश्त्यानंतरच्या कॅलरी, दिवस संपेपर्यंत. त्यातही पुढच्या जेवणापर्यंतचं मधलं खाणं वेगळ्या रकान्यात, कारण परिणाम आधी तिथेच दिसतो. आणि रोजची बेरीज दिवस संपेपर्यंत बघू नका. आकडा दिसत राहिला की संध्याकाळी हात आपोआप आखडतो.

आता कटू भाग. माणसाचं रोजचं खाणं खूप वर-खाली होतं. नाश्त्यानंतरच्या कॅलरींचं प्रमाण विचलन (रोजचे आकडे सरासरीपासून किती लांब पसरतात त्याचं माप) 400 धरा, फार काही जास्त नाही. 300 कॅलरींचा खरा फरक 80 टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक नाश्त्याचे सुमारे 28 मोजलेले दिवस लागतात. फरक 150चा असेल तर सुमारे 112. फरक निम्मा झाला की दिवस चौपट. त्यामुळे दोन आठवड्यांत '120 कॅलरींनी कमी झाल्या' असं कोणी लिहिलं तर तो आकडा बाजूला ठेवा. नुसतं बघून थोडंफार कळेल अशी कमीत कमी मजल म्हणजे प्रत्येकी 28 दिवस, आणि वगळलेले पहिले दिवस धरले तर प्रत्येकी 37-38.

गणित करताना दोन सरासऱ्यांच्या फरकासोबत त्याची चूक-मर्यादाही काढा. फरक 180 आणि मर्यादा दोन्ही बाजूंना 210 असेल, तर तुम्हाला अजून काहीही कळलेलं नाही.

---

पथ्यपाणी

मोजमाप यांचा आराखडा चांगला आहे, दोन सूचना जोडतो. किडनीचा विकार असणाऱ्यांनी प्रोटीन वाढवण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि इन्सुलिन किंवा मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर नाश्त्यातले कार्ब अचानक कमी करू नयेत, साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

उकडलेला_बटाटा, कोट्याबद्दलचा टोमणा पोहोचला. 2021च्या प्रयोगात प्रोटीन दोन्हीकडे सारखंच होतं, तेव्हा तिथला फरक दाटीचा, हे मान्य. पण 2019मध्ये प्रोटीनचे ग्रॅम दोन्ही आहारांत जवळजवळ एकाच आकड्यावर थांबले, हे नुसत्या दाटीतून आपोआप निघत नाही.

---

ताळेबंद

सुरू करण्याआधी नोंदींचा ताळा करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. नवा रकाना: प्रोटीन × 4 + कार्ब × 4 + फॅट × 9. तो नोंदवलेल्या कॅलरींशी ताडून बघा. 10 टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असलेल्या ओळी लाल करा.

हिशोब नोंदीपेक्षा जास्त येत असेल तर बहुधा फायबर कार्बमध्ये धरलेलं आहे. त्याला 4 ऐवजी साधारण 2 कॅलरी लावा. नोंद हिशोबापेक्षा बरीच जास्त असेल तर दारू आहे का बघा, तिच्या एका ग्रॅममागे 7 कॅलरी असतात आणि त्या तिन्ही रकान्यांत कुठेच बसत नाहीत. ही दोन्ही कारणं नसतील, तर ती ओळ दुसऱ्या कुणा वापरकर्त्याने ॲपमध्ये अंदाजपंचे भरलेली आहे. तो पदार्थ पाकिटावरच्या आकड्यांवरून नव्याने घाला आणि जुनी नोंद आवडत्या यादीतून काढून टाका, नाहीतर घाईत बोट पुन्हा तिच्यावरच पडेल.